ऑर्किडच्या फुलांवरील बुरशीचे डाग: खानदेशच्या हवेत घ्यावयाची काळजी आणि उपाय

ऑर्किडच्या उमललेल्या फुलावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागले की बहुतेक जण आधी औषधाच्या दुकानाकडे वळतात. त्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाकळीवर एकदा पडलेला डाग कोणत्याही औषधाने जात नाही, कारण त्या जागेवरील पेशी मेलेल्या असतात आणि उमललेले फूल ती जागा पुन्हा भरून काढू शकत नाही. त्यामुळे उपचार करावयाचा तो त्याच दांड्यावरील निरोगी फुले आणि न उमललेल्या कळ्या वाचवण्यासाठी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सपाटीवरील हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते, ही या बाबतीत आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. पावसाळ्यातील काही आठवडे सोडले, तर आपल्याकडे हा रोग बहुधा संध्याकाळी घातलेले पाणी, रात्रभर बंद ठेवलेली गॅलरी आणि थंडीपासून बचाव म्हणून झाडावर टाकलेले प्लास्टिक यांतून उद्भवतो. हे सारे आपल्या हातात असल्यामुळे रोगही बऱ्याच अंशी आपल्या हातात राहतो.

डाग बुरशीचाच आहे का

फुलांवर डाग पाडणाऱ्या बुरशींमध्ये सर्वाधिक आढळणारी बुरशी म्हणजे बोट्रायटिस सिनेरिया. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, गुलाब आणि हरभरा यांच्यावर येणारी करडी बुरशी ती हीच. फॅलेनॉप्सिस आणि कॅटलिया या ऑर्किडच्या प्रकारांच्या फुलांवर तिचे डाग सुरुवातीला एक-दोन मिलिमीटरचे, गोल किंवा लांबट, फिकट तपकिरी असतात आणि पांढऱ्या फुलावर त्यांच्याभोवती बऱ्याचदा गुलाबी कडा दिसते. हवा दमट राहिली, तर ठिपके एकमेकांत मिसळतात, पाकळी पाणावल्यासारखी मऊ पडते आणि शेवटी तिच्यावर करड्या रंगाची लव उगवते. डेंड्रोबियम या आणखी एका प्रकारच्या ऑर्किडच्या फुलांवर उष्ण पावसाळी हवेत कर्व्हुलारिया आणि कोलेटोट्रायकम या बुरशीही येतात. त्यांचे डाग अधिक गडद, कधी जवळजवळ काळे असतात. कोलेटोट्रायकमचा डाग किंचित खोलगट असतो आणि मोठा झाल्यावर त्यात एकात एक वर्तुळे दिसू शकतात.

मात्र प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, आणि येथेच सर्वाधिक गल्लत होते. फुलकिड्यांनी रस शोषलेल्या पाकळीवर चंदेरी ओरखडे उमटतात आणि तिच्या कडा करपतात. संशय आल्यास पांढरा कागद खाली धरून फूल हलकेच झटकावे, म्हणजे सुईच्या टोकाएवढे लांबट पिवळसर किंवा काळपट किडे कागदावर चालताना दिसतात. त्यांच्यावर बुरशीनाशकाचा काहीही परिणाम होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडील उन्हामुळे पाकळीचा जो भाग वाळून कागदासारखा होतो, तो उन्हाचा चट्टा असतो. पौषातील कडाक्याच्या थंडीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरले, की फॅलेनॉप्सिसच्या पाकळ्यांवर आणि पानांवर खोलगट, पाणावलेले चट्टे पडू शकतात आणि तेही बुरशीचेच वाटतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब पाकळीवर वाळले, तर क्षारांचे पांढरे ठसे राहतात, पण ओल्या कापसाने पुसल्यावर ते निघून जातात. पाकळीचा रंगच तुटक-तुटक झाला असेल, एकाच झाडाच्या प्रत्येक बहरात तसाच दोष येत असेल आणि पानांवरही पट्टे असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा आणि ते झाड इतरांपासून दूर ठेवावे.

खात्री करून घेण्याचा एक सोपा मार्ग घरातच उपलब्ध आहे. डाग असलेले एक फूल कात्रीने कापून घ्यावे. झाकणाच्या प्लास्टिक डब्याच्या तळाशी पाण्याने भिजवून पिळलेला टिश्यू पेपर अंथरावा, त्यावर एखादे बाटलीचे झाकण उपडे ठेवून त्यावर फूल अशा रीतीने ठेवावे, की पाकळी ओल्या कागदाला टेकणार नाही. डबा बंद करून घरातील थंड, सावलीच्या जागी एक-दोन दिवस राहू द्यावा. नंतर झाकण हळूच उघडून, श्वासाची फुंकर न लागू देता, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून डागाकडे पाहावे. बोट्रायटिस असेल, तर डागाच्या मध्यातून बारीक तपकिरी काड्या उभ्या राहिलेल्या दिसतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला फांद्या फुटून त्यांवर करड्या दाण्यांचे घोस लागलेले असतात. डब्याला किंचित धक्का बसला, तरी त्यातून धुरासारखी भुकटी उडते. ही भुकटी म्हणजेच बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे बियांसारखे सूक्ष्म कण, म्हणून ही तपासणी झाडांपासून दूर करावी आणि नंतर डबा तसाच बंद करून फुलासह टाकून द्यावा. किड्यांचे ओरखडे किंवा उन्हाचे चट्टे अशा डब्यात एवढ्या वेळात करडी लव धरत नाहीत.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील वाचकांच्या मनात एक शंका स्वाभाविकपणे येईल, की केळीवरील करपा ऑर्किडवर येतो का. येत नाही. करप्याची बुरशी केळीच्या कुळापुरतीच मर्यादित असते. केळीचा ऑर्किडच्या फुलांशी संबंध आहे, पण तो वेगळ्या कारणाने, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पाकळी ओली राहण्याचे तास

बोट्रायटिसचे बीजाणू हवेत कुठेही असतात. त्यांना पूर्णपणे दूर ठेवणे घरात शक्य नाही आणि शेडनेटमध्येही शक्य नाही. परंतु बीजाणू पाकळीवर पडला म्हणजे लगेच रोग झाला असे नव्हे. तो रुजण्यासाठी पाकळीवर पाण्याचा पातळ थर किंवा जवळजवळ संपृक्त हवा, म्हणजे ९३ टक्क्यांच्या वरची आर्द्रता, काही तास सलग टिकावी लागते. तापमान १५ ते २२ अंशांच्या दरम्यान असेल, तर ही बुरशी सर्वाधिक जोमाने वाढते, तर ३० अंशांच्या पुढे तिचा जोर ओसरतो. कर्व्हुलारिया आणि कोलेटोट्रायकम यांना मात्र २५ ते ३० अंशांची उबदार हवा मानवते. ओल तिघींनाही लागते.

रात्री पाकळी ओली होते कशी, हे एका हिशेबावरून कळेल. दुपारी गॅलरीत तापमान ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर ती हवा कोरडीच वाटते. पण तीच हवा बंद जागेत राहून रात्री १८ अंशांपर्यंत थंड झाली, की तिच्यातील बाष्प मावेनासे होते आणि पाकळीवर दव धरते, कारण पातळ पाकळी रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही किंचित थंड होते. खानदेशातील हिवाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील अंतर मोठे असते. बाहेरची हवा खूपच कोरडी असल्यामुळे मोकळ्या जागेतील झाडांना त्याचा त्रास कमी होतो, पण काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत, जेथे संध्याकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांतील बाष्प आतच कोंडून राहते, तेथे दव धरण्यास सर्व अनुकूलता असते. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मापक बाजारात सहज मिळते. ते भिंतीवर न लावता फुलांच्या दांड्याच्या उंचीवर टांगावे आणि पहाटे पाचच्या सुमारास पाहावे. त्या वेळी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असेल, तर फुले बहुधा सुरक्षित असतात. माझ्या मते ऑर्किड ठेवणाऱ्याने बुरशीनाशकाच्या पुडीपूर्वी हे मापक घ्यावे.

पाणी, वारा आणि पांघरूण

पाणी सकाळीच द्यावे, शक्यतो नऊच्या आत, आणि ते झारीच्या तोटीने कुंडीतील कोळसा व नारळाच्या सोडणावर घालावे. फुलोरा आल्यानंतर वरून पाण्याचा फवारा मारू नये. हवेतील ओलावा वाढवायचाच असेल, तर कुंडीखाली खडी व पाणी असलेला ताट ठेवावा किंवा फरशी ओली करावी, आणि तेही दुपारपूर्वी. चुकून फुलावर पाणी पडले, तर टिश्यू पेपरचे टोक थेंबाला लावून ते टिपून घ्यावे. पाकळी पुसू नये, कारण पुसण्याने पडलेली सूक्ष्म खरचटही बुरशीला वाट करून देते. फॅलेनॉप्सिसच्या फुलाच्या मध्यभागी, ओठाजवळच्या (वेगळ्या आकाराच्या मधल्या पाकळीजवळच्या) खोबणीत, अडकलेला थेंब सहसा लक्षात येत नाही. तेथे आवर्जून पाहावे.

वारा हे या रोगावरचे सर्वात स्वस्त आणि सर्वात भरवशाचे औषध आहे. छोटा टेबल फॅन मंद गतीवर, फुलांकडे थेट तोंड न करता भिंतीकडे वळवून, रात्री दहापासून सकाळचे ऊन येईपर्यंत चालू ठेवावा. दांडे अगदी हलकेच हलत असतील, तेवढा वारा पुरे. दोन कुंड्यांत एवढे अंतर असावे की एका झाडाची फुले दुसऱ्या झाडाच्या पानांना टेकणार नाहीत. शेडनेटमध्ये बाकांवर दाटीने झाडे मांडण्याची सवय फुलांच्या हंगामापुरती तरी सोडावी.

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की अनेक घरांत झाडांवर प्लास्टिकचा कागद टाकला जातो. थंडीपासून झाडाचे रक्षण केले पाहिजे यात शंका नाही, कारण फॅलेनॉप्सिसला १५ अंशांच्या खालचे तापमान सहन होत नाही. परंतु प्लास्टिकच्या आतल्या बाजूला रात्रभर पाणी जमते आणि पहाटे ते थेंबाथेंबाने फुलांवर गळते. त्याऐवजी झाड घरात, ओसरीत किंवा भिंतीच्या आडोशाला आणावे, आणि ते शक्य नसेल तर जुने सुती लुगडे किंवा धोतर काठ्यांवर असे ताणावे की ते फुलांना टेकणार नाही. सकाळी ते काढावे.

कुलरविषयीही लिहिणे आवश्यक आहे. चैत्र-वैशाखात तापमान ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा गवताच्या जाळ्यांच्या कुलरची ओलसर हवा ऑर्किडला खरोखर उपकारक ठरते आणि त्या काळात बुरशीची भीतीही नगण्य असते. मात्र मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली, की तोच कुलर रात्रभर चालू ठेवणे घातक असते. पाऊस सुरू झाल्यावर कुलरमधील पाणी बंद करून केवळ पंखा चालवावा.

पावसाळ्यात बाहेर टांगलेल्या डेंड्रोबियमसाठी केवळ शेडनेट पुरेसे नाही. शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही, उलट तिच्यातून गाळून आलेले बारीक तुषार फुलांवर बसतात. फुलोरा असेपर्यंत झाडांच्या वर पारदर्शक पत्रा किंवा पॉलिफिल्मचे छप्पर असावे आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सातपुड्याच्या उतारावर, तोरणमाळसारख्या उंच जागी, पावसाळ्यात धुके दिवसेंदिवस हटत नाही. तेथे छपराबरोबर पंखाही लागतोच. जानेवारी ते मार्च या काळात खानदेशात ढगाळ वातावरण आणि अवकाळी पाऊस अधूनमधून येतो, आणि नेमक्या याच वेळी फॅलेनॉप्सिसचा बहर असतो, कारण थंडीमुळे त्याचे दांडे निघालेले असतात. आभाळ भरून आले की त्या दिवशीचे पाणी टाळावे आणि पंखा दिवसाही चालू ठेवावा. वर्षभरातील एवढी एक दक्षता पाळली, तरी बहरातील निम्मी चिंता दूर होते.

पुण्या-मुंबईकडून कुरिअरने किंवा रोपवाटिकेतून आलेले झाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असते आणि प्रवासात आत घाम धरतो. ते घरी येताच उघडावे, फुलांवरील ओल टिपावी आणि आठवडाभर इतर झाडांपासून वेगळे ठेवावे.

केळीचा घड आणि निर्माल्याची टोपली

आपल्याकडे घरात पिकायला टांगलेला केळीचा घड ही नित्याची गोष्ट आहे. पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात, आणि ऑर्किडची फुले या वायूला अतिशय संवेदनशील असतात. घडाजवळ ठेवलेल्या फॅलेनॉप्सिसच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, तर कॅटलियाची फुले अकाली मलूल होतात. बुरशीला ताज्या पाकळीपेक्षा अशी वयस्क, थकलेली पाकळी लवकर साधते. बुरशी लागलेले फूलही इथिलीन सोडते, म्हणून एका दांड्यावर एक फूल सडू लागले की शेजारची फुले वेळेआधी कोमेजतात. केळी आणि पिकते आंबे एका खोलीत, आणि ऑर्किड दुसऱ्या खोलीत ठेवावे.

देवाच्या निर्माल्याची टोपली बऱ्याच घरांत गॅलरीतच, झाडांच्या आसपास असते. ओले झेंडू, शेवंती आणि गुलाब दोन-तीन दिवस साचले की त्यांवर करडी बुरशी धरते आणि तेथून बीजाणू सरळ ऑर्किडवर येतात. टोपली रोज रिकामी करावी, किंवा ऑर्किडपासून दूर, झाकून ठेवावी. कुंडीत गळून पडलेली ऑर्किडची फुलेही रोज उचलावीत.

डाग दिसल्यानंतर

ज्या दिवशी डाग दिसेल, त्याच दिवशी डागाळलेली फुले काढावीत. कात्री सर्जिकल स्पिरिटने किंवा ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावी आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसावी. फुलावर लव उगवली असेल, तर आधी त्यावर कागदी पिशवी हळूच चढवावी आणि मग पिशवीच्या आतच देठ कापावा, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. काढलेली फुले जाळावीत किंवा पुरावीत. त्यांना खताच्या उघड्या खड्ड्यात टाकू नये. नंतर झाड मोकळ्या, उजेडाच्या, वारा असलेल्या जागी आठ-दहा दिवस वेगळे ठेवावे आणि रोज सकाळी उरलेली फुले भिंगातून पाहावीत. हवा कोरडी झाली असेल, तर नवे ठिपके येणे थांबते. जुने ठिपके तेवढ्याच आकाराचे राहिले, तर ती फुले दांड्यावर ठेवण्यास हरकत नाही.

अर्ध्याहून अधिक फुले डागाळली असतील आणि आभाळही ढगाळ असेल, तर संपूर्ण दांडा कापावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाभर जपलेला दांडा कापताना जीव हळहळतो, पण सडत्या फुलांचा दांडा संपूर्ण बाकावरील झाडांना संसर्ग पोहोचवत राहतो. त्यावरील निरोगी फुले कोरड्या खोलीत फुलदाणीत ठेवल्यास ती काही दिवस टिकतात. डेंड्रोबियमचा फक्त फुलांचा दांडा कापावा, कांडी (उसासारखे जाड खोड) कापू नये, कारण जुन्या कांडीवरही पुढील बहर येऊ शकतो.

औषधांची मर्यादा

उमललेल्या फुलांवर बुरशीनाशक फवारणे शक्यतो टाळावे. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीचे डाग पाकळीवर राहतात, चिकट द्रव्य मिसळले तर पाकळी भाजते, आणि फवारणीमुळे फूल ओले होते ते वेगळेच. औषधाची जागा प्रतिबंधात आहे: मागील बहरात रोग आला असेल, तर दांडा निघून कळ्या बंद असताना पाने, दांडा आणि बाक यांवर फवारणी उपयोगी पडते. मँकोझेबसारखे स्पर्शजन्य, म्हणजे झाडाच्या पृष्ठभागावरच राहणारे, औषध बीजाणूंना रुजू देत नाही. कार्बेन्डाझिम आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषले जाणारे, आहे, पण बोट्रायटिसमध्ये या गटाविरुद्ध प्रतिकारशक्ती मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली आहे, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. कार्बेन्डाझिमनंतर थायोफनेट मिथाइल वापरणे म्हणजे औषध बदलणे नव्हे, कारण थायोफनेट मिथाइलचे झाडात कार्बेन्डाझिमच होते. बदल करावयाचा तो वेगळ्या गटातील औषधाने करावा. ताम्रयुक्त औषधे, उदाहरणार्थ कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण, बागायतदारांच्या घरात हटकून असतात. ती डेंड्रोबियमवर आणि फुलांवर आलेल्या कोणत्याही ऑर्किडवर वापरू नयेत, कारण त्यांना तांब्याची इजा होते.

मात्रा वेष्टनावर दिल्याप्रमाणेच घ्यावी. फवारणी सकाळी, मोकळ्या हवेत, हातमोजे व मास्क घालून करावी आणि राहत्या खोलीत मुळीच करू नये. आधी एकाच झाडाच्या पानावर व एका कळीवर थोडे फवारून दोन-तीन दिवस वाट पाहावी. वेष्टनावर बहुधा इतर पिकांची नावे असतात, म्हणून व्यापारी लागवड असेल तर ममुराबाद, पाल, धुळे किंवा कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रांपैकी जवळच्या केंद्रात डागाळलेले फूल कोरड्या कागदात गुंडाळून न्यावे आणि तज्ज्ञांचा सल्ला घेऊन औषध निवडावे.

घरगुती उपायांपैकी दालचिनीची पूड कापलेल्या देठावर लावल्यास जखम लवकर वाळते, पण ती मुळांवर किंवा पाकळीवर टाकू नये. हळदीचे पाणी, खाण्याचा सोडा आणि निंबोळी तेल यांची फवारणी उमललेल्या फुलांवर करू नये, कारण त्यांचे डाग रोगाच्या डागांपेक्षा मोठे पडतात.

खतांच्या बाबतीत एवढेच, की दांडा निघाल्यावर नत्राचा जोर कमी करावा. अति नत्राने पाकळ्या मऊ आणि रोगाला लवकर बळी पडणाऱ्या होतात.

बहर संपल्यावर फॅलेनॉप्सिसचा वाळलेला दांडा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापावा, खोडाभोवतीचा पालापाचोळा काढावा आणि बाक ब्लीचच्या सौम्य द्रावणाने धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवावे. हे काम वैशाखात उरकल्यास उत्तम, कारण त्या उन्हात लाकडी फळीच्या खाचांतील ओलही पूर्ण निघून जाते आणि मृगापूर्वी झाडे स्वच्छ बाकावर परत मांडता येतात.